कैलास, एलियन आणि परभणीकरचे आबा

होस्टेलवर रात्री अकरानंतर जे विषय निघतात ते कुठल्याच सिलॅबसमध्ये नसतात. मागच्या पीएलमधली गोष्ट. आमच्या रूमवर पाच-सहा जण जमलो होतो. अभ्यास करायचा ठरलं होतं, म्हणजे चहा पिऊन झाला होता. तेवढ्यात आमचा लातूरकर मोबाईल घेऊन आला आणि म्हणाला, "हे बघा, मग सांगा इंजिनिअरिंग म्हणजे काय ते."

व्हिडिओ आपल्याच वेरूळचा होता. सोळा नंबरचं लेणं, म्हणजे कैलास. मागे गूढ संगीत, आणि एक भारदस्त आवाज सांगत होता : एकाच डोंगरातून, वरून खाली कोरलेलं मंदिर. चार लाख टन दगड काढला. तोही फक्त अठरा वर्षांत. म्हणजे रोज बारा तास काम धरलं तर तासाला पाच टन! छन्नी-हातोड्याने हे शक्य आहे का? काढलेला दगड गेला कुठे? खालची दारं बंद का ठेवली आहेत? आणि शेवटी तो प्रश्न : हे माणसाने केलं, की आकाशातून आलेल्या कोणी?

खरं सांगतो, माझ्या अंगावर काटा आला. मी सिव्हिलचा. तिसऱ्या वर्षाला आहे. सर्व्हेइंग, क्वांटिटी एस्टिमेशन सगळं 'क्लिअर' आहे. तरी मी एक गणित न करता तो व्हिडिओ पाच मिनिटांत घरच्या ग्रुपवर, शाळेच्या ग्रुपवर आणि वर्गाच्या ग्रुपवर टाकून मोकळा झालो. खाली लिहिलं, 'विचार करा!' स्वतः मात्र केला नव्हता.

सगळे बोलत होते, एकटा परभणीकर गप्प होता. शेवटी तो हळूच म्हणाला, "आमचे आबा दगडच फोडायचे. त्यांना विचारू का?"

दोन वर्षं आम्ही एकाच विंगमध्ये राहतो. त्याचं घर वडार समाजाचं, आजोबांनी उभा जन्म खदानीवर काढला, हे आम्हाला माहीत होतं. पण दगडाबद्दल त्याला काही विचारावं असं कधी कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय!

आबांचा हिशोब

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन स्पीकरवर लावला. आबांना कमी ऐकू येतं, त्यामुळे अर्ध्या होस्टेलने ती मुलाखत ऐकली. मी विचारलं, "आबा, नुसत्या हाताने, सुरुंग न लावता, एका माणसाचा किती काळा दगड निघतो?"

आबा म्हणाले, "दगड कसा हाय त्याच्यावर हाय बाळा. शीर सापडली की दगड सोताच सुटतो. नाही सापडली तर घण मारून मारून खांदा जातो. पर धरून चाल, एका गड्याला एक ब्रास काढायला महिना."

आता हे वाक्य ऐकून सिव्हिलवाल्यांचे कान टवकारले पाहिजेत. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, म्हणजे साधारण २.८३ घनमीटर. मग मी वही घेतली. व्हिडिओतलेच आकडे खरे धरले, कारण आपल्याला समोरच्याला पुरेपूर संधी द्यायची आहे.

चार लाख टन. आपला दख्खनचा बेसॉल्ट घनमीटरला साधारण २.८ टन भरतो. म्हणजे सुमारे १ लाख ४३ हजार घनमीटर. म्हणजे सुमारे ५० हजार ५०० ब्रास. भागिले अठरा वर्षं, म्हणजे वर्षाला २८०० ब्रास. आबांच्या हिशोबाने एक गडी वर्षाला १२ ब्रास काढतो. मग माणसं किती लागली? साधारण २३५.

दोनशे पस्तीस! आमच्या होस्टेलच्या मेसला यापेक्षा जास्त ताटं लागतात.

आता कोणी म्हणेल, कोरीव काम धरलं नाही. बरोबर. दगड वाहून नेणारे, छन्न्यांना धार लावणारे लोहार, पाणी भरणारे, स्वयंपाक करणारे धरले नाहीत. सुरुवातीला चर अरुंद, तिथे इतकी माणसं मावणार नाहीत. पावसाळ्यात काम थांबत असेल. सगळं मान्य. म्हणून माझा अंदाज दहापट चुकला असं धरा. तरी अडीच हजारांच्या आत माणसं लागतात. ज्या राजाने चालुक्यांचं राज्य मोडून दख्खनवर सत्ता बसवली, त्याला अडीच हजार माणसं पोसणं अवघड होतं का?

'तासाला पाच टन' ऐकलं की आपल्या डोळ्यांसमोर एकच माणूस येतो आणि त्याच्यापुढे पाच टनांचा ढीग. गंमत तिथेच आहे. आकडा खोटा नसतो, पण तो असा मांडतात की आपण भागाकार करायचा विसरतो.

पहिला प्रश्न : आकडा आला कुठून?

गणित जमल्यावर मला जोर चढला. मग म्हटलं, मुळात चार लाख टन हा आकडा तरी तपासावा. ग्रंथालयात वेरूळवरची पुस्तकं आहेत (धूळ झटकून दिल्याबद्दल ग्रंथालयातल्या मामांचे आभार). कैलासाचं आवार साधारण २७६ फूट लांब, १५४ फूट रुंद, आणि मागचा कडा सुमारे १०७ फूट उंच. मीटरमध्ये ८४ × ४७ × ३३. गुणाकार करा : सुमारे १ लाख ३० हजार घनमीटर. घनता ताणून ३ धरली तरी ३ लाख ९१ हजार टन.

थांबा जरा. हा सगळा खोका झाला. मधलं अख्खं मंदिर, हत्ती, ध्वजस्तंभ काढून टाकले आणि पुढचा डोंगरही मागच्याइतकाच उंच धरला, तेव्हा कुठे इतका आकडा येतो. प्रत्यक्षात डोंगर पुढे उतरत येतो आणि मंदिर तर मध्ये उभंच आहे. भिंतींच्या आत खोदलेल्या ओवऱ्या जमेस धरल्या, तरी माझ्या ढोबळ हिशोबाने काढलेला दगड दीड-दोन लाख टनांच्या आसपास येतो. म्हणजे आबांच्या मापाने सव्वाशेच्या आत माणसं.

आणि अठरा वर्षं? कैलास खोदवला तो राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिला याने. त्याची कारकीर्द साधारण इ. स. ७५६ ते ७७३. म्हणजे सतरा-अठरा वर्षं ही राजाच्या गादीची मुदत आहे. मंदिराला तेवढीच वर्षं लागली असं सांगणारा शिलालेख नाही. अभ्यासकांतही यावर मतभेद आहेत. हर्मान गोएट्झ यांनी १९५२ मध्ये मांडलं की हे काम अनेक राजांच्या काळात होत गेलं. डेक्कन कॉलेजचे मधुकर केशव ढवळीकर यांनी १९८२ मध्ये दाखवलं की मुख्य मंदिर कृष्णाच्याच काळातलं, पण आवारातले काही भाग नंतरचे. दोघांचं जुळत नाही, पण दोघेही शिल्पांची घडण आणि लेख पुढे ठेवून भांडतात. असं भांडण झालं की माहिती वाढते. नुसत्या फॉरवर्डने वाढतो तो फक्त मोबाईलचा डेटा.

दुसरा प्रश्न : हा पुरावा दोघांनाही लागू पडतो का?

लातूरकर सहज हार मानणारा नाही. तो म्हणाला, "ठीक आहे, पण मग तो दगड गेला कुठे? ढीग दिसत नाही."

प्रश्न चांगला आहे. पण मित्रांनो, नीट बघा. समजा एलियननी यंत्राने खोदलं. मग त्यांचा दगड कुठे गेला? डोंगरातून दोन लाख टन कमी झाले हे तर डोळ्यांना दिसतंय. ते माणसाने काढले तरी कुठेतरी टाकावे लागणार, आणि आकाशातल्या पाहुण्याने काढले तरी टाकावेच लागणार. म्हणजे 'ढीग दिसत नाही' ही अडचण दोघांचीही. जो पुरावा दोन्ही बाजूंना सारखाच लागू पडतो, तो कोणत्याच बाजूचा पुरावा नसतो. हे एवढं एक वाक्य लक्षात ठेवलं तरी अर्ध्या अफवा गळून पडतात.

बाकी दगडाचं म्हणाल, तर लेण्यांपुढे उतार आहे, बाराशे वर्षांचे पावसाळे गेले आहेत, आणि फोडलेला काळा दगड ही आपल्याकडे फेकून द्यायची वस्तू कधीच नव्हती. आबांना हे सांगितलं तर ते हसले. म्हणाले, "फुकटचा फोडलेला दगड कोणी ठेवील का रं जागेवर?"

तिसरा प्रश्न : काय दाखवलं तर तुझं मत बदलेल?

राहिली बंद दारं. त्याची एक गंमतच झाली. आम्ही खात्री करायला वेरूळला जायचं ठरवलं. सेंट्रल बसस्थानकावरून एसटी पकडली, दौलताबादचा किल्ला मागे टाकला, घाट चढून खुलताबादवरून वेरूळला उतरलो, तर लेणी बंद! मंगळवार होता. वेरूळ मंगळवारी बंद असतं हे आमच्यापैकी एकाच्याही लक्षात नव्हतं. लातूरकर लगेच म्हणाला, "बघा, आपण येणार हे त्यांना कळलं."

सगळे हसले. पण नंतर वाटलं, विनोदात त्याने नेमकं वर्मावर बोट ठेवलं होतं. कटाच्या गोष्टीचा स्वभावच असा असतो. दार बंद असलं की 'लपवतायत'. दार उघडं असलं आणि आत काही नसलं की 'आधीच हलवलं'. कोणी समजावून सांगितलं की 'तोही त्यांच्यातलाच'. म्हणजे काहीही घडलं तरी गोष्ट खरीच ठरते. ज्या गोष्टीला खोटं ठरायची सोयच ठेवलेली नाही, ती मजबूत नसते. पेपर कोणी तपासायचाच नाही अशी अट घालून पहिला नंबर काढल्यासारखं आहे ते.

आणि कुलपाचं म्हणाल, तर आपल्या होस्टेलच्या गच्चीलाही कुलूप आहे. तिथे रेक्टर सरांनी कोणतं यान लपवलं आहे हे अजून उघड झालेलं नाही.

चौथा प्रश्न : आजूबाजूला पाहिलं का?

पुढच्या रविवारी पुन्हा गेलो. या वेळी परभणीकर पुढे आणि आम्ही मागे. कैलासाच्या बाजूने डोंगरावर जाणारी वाट आहे, तिथून मंदिर वरून दिसतं. तो खाली बघत म्हणाला, "तीन बाजूंनी चर मारलेत. मधला ठोकळा सुटा केला. मग वरून उतरत गेलेत. परात बांधायची गरजच नाही." मला एवढं कळायला चार लेक्चर लागली असती. कड्यावर छन्नीच्या खुणा आजही दिसतात. त्याने लांबूनच हात फिरवल्यासारखं केलं आणि म्हणाला, "आबांच्या खदानीत अशाच असायच्या."

व्हिडिओमध्ये कैलास एकटाच दाखवतात, जणू रिकाम्या मैदानात एका रात्रीत उगवला. जरा कॅमेरा फिरवला तर काय दिसतं? वेरूळलाच तीस नंबरचं जैन लेणं आहे, त्याला छोटा कैलास म्हणतात. तोही वरून खाली कोरायला घेतला आणि अर्धवट राहिला. अजिंठ्याचं चोवीस नंबरचं लेणं अर्धवट आहे. तिथे खांब कुठे नुसते ठोकळे आहेत, कुठे घडवलेले आहेत. एखादी इमारत बांधकाम चालू असताना पाहावी तसं. अजिंठ्याची सर्वात जुनी लेणी इसवी सनापूर्वीची. म्हणजे कैलासाला हात घालण्याआधी सह्याद्रीतल्या आणि आपल्या डोंगरांतल्या कारागिरांचा आठ-नऊशे वर्षांचा सराव झालेला होता. मंदिराचा आराखडाही आकाशातून पडला नाही. कर्नाटकातल्या पट्टदकलचं विरूपाक्ष मंदिर कैलासाच्या आधी काही वर्षं बांधलं गेलं, त्याच्याशी हा आराखडा बराच जुळतो. एकाच खडकातून मंदिर काढायची कल्पना त्याआधी तमिळनाडूत महाबलीपुरमच्या रथांमध्ये दिसते.

एलियन इतक्या लांबून आले असते, तर त्यांनी आधी नऊशे वर्षं सराव कशाला केला असता, आणि चुकलेली, सोडून दिलेली लेणी मागे कशाला ठेवली असती?

आश्चर्य आपलंच पहिलं नाही

एक गोष्ट वाचून मात्र मी चाट पडलो. बडोद्याला एक ताम्रपट सापडला आहे, शके ७३४ चा, म्हणजे इ. स. ८१२-१३ चा. राष्ट्रकूटांच्याच गुजरात शाखेतल्या कर्क राजाचा. त्यात एलापूरच्या डोंगरावर कृष्णराजाने करवलेल्या मंदिराचं वर्णन आहे. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी ते वर्णन वेरूळच्या कैलासाशी जुळवून दाखवलं. त्याचा भावार्थ असा : विमानांतून जाणारे देव हे मंदिर बघून थक्क होतात, हे स्वयंभूच असणार म्हणतात, आणि ज्याने ते घडवलं तो शिल्पीही म्हणतो, हे माझ्या हातून कसं झालं!

म्हणजे काम संपल्यावर पन्नास वर्षांच्या आतच लोक म्हणत होते की हे माणसाचं वाटत नाही. विमानंसुद्धा त्यात आहेत! फरक एवढाच की तो कवी कौतुक करत होता आणि राजाचं नावही सांगत होता. आजचा व्हिडिओवाला तेच कौतुक पुरावा म्हणून खपवतो.

आपल्या मराठीतही अशी गोष्ट आहे. कृष्ण याज्ञवल्कीच्या 'कथाकल्पतरू'त येतं की राणीने नवस केला, शिखर दिसेपर्यंत अन्न घेणार नाही. मोठमोठे कारागीर मागे सरले. मग पैठणचा कोकस पुढे आला, त्याने वरून खोदायला घेतलं आणि आठवड्यात राणीला शिखर दाखवलं. दंतकथाच आहे, आठवडा काही खरा नाही. पण दंतकथा सांगणाऱ्यालाही ठाऊक होतं की युक्ती 'वरून खाली' मध्ये आहे, आणि ती पैठणच्या माणसाला सुचली. आकाशातून कोणी आणावं लागलं नाही.

१९६८ मध्ये एरिक फॉन डॅनिकेनचं 'चॅरियट्स ऑफ द गॉड्स' आलं. २०१० पासून 'एन्शन्ट एलियन्स' ही टीव्ही मालिका सुरू झाली. मग पिरॅमिडपासून वेरूळपर्यंत सगळं पाहुण्यांच्या नावावर चढू लागलं.

मग आकाशातून काहीच येत नाही का?

येतं ना! आणि हे मुद्दाम सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल हा प्रत्येक गोष्टीला 'नाही' म्हणणारा आहे. विदर्भात, बुलढाणा जिल्ह्यात लोणारचं सरोवराचं विवर आहे, सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं. आजूबाजूला सगळा ज्वालामुखीचा बेसॉल्ट, म्हणून बराच काळ ते ज्वालामुखीचंच तोंड असावं असं अनेक भूवैज्ञानिक मानत होते. 'आकाशातून काहीतरी पडलं' ही तिथे विचित्र वाटणारी बाजू होती. पण तीच खरी निघाली. कशामुळे? तिथे खोल खणून नमुने काढले, आणि त्यांत मॅस्केलिनाइट नावाची काच सापडली. खडकातल्या एका खनिजावर उल्कापाताएवढा प्रचंड दाब बसला तरच ती बनते, ज्वालामुखीच्या उष्णतेने बनत नाही. १९७३ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात हे प्रसिद्ध झालं.

पुरावा असा असतो. एका बाजूला लागू पडतो आणि दुसऱ्या बाजूला पडत नाही. वेरूळला एखादा असा तुकडा दाखवा, मी उद्या एलियनच्या बाजूने लेख लिहीन.

तसंच, सगळे कट खोटे असतात असंही नाही. तेलगीचा बनावट मुद्रांकांचा घोटाळा आपल्याच महाराष्ट्रात गाजला, त्यात पोलीस अधिकाऱ्यांनाही अटक झाली होती. पण तो उघडा पडला छापे, कागदपत्रं, साक्षीदार आणि न्यायालय यांच्यामुळे. खऱ्या कटात माणसांची नावं असतात, पैशाची वाट सापडते, आणि कोणीतरी फुटतंच. 'ते' नावाचा बिनचेहऱ्याचा कोणी त्यात नसतो.

एवढा खटाटोप कशाला?

लातूरकरने शेवटी हेच विचारलं. "समजा कोणी मानलं एलियननी केलं, तर कोणाचं काय बिघडतं?"

मी त्या वेळी उत्तर दिलं नाही. आता देतो.

२०१८ मध्ये मी आठवीत होतो. जूनमध्ये आईच्या मोबाईलवर व्हिडिओ आला : मोटरसायकलवरचे दोघे रस्त्यावरून लहान मुलाला उचलून नेतात. खाली लिहिलं होतं की टोळी आपल्या जिल्ह्यात उतरली आहे, सावध राहा. आईला फॉरवर्ड करता येत नव्हतं. मीच केलं. मावशीला, मामाला, गावातल्या सगळ्यांना. मला वाटलं मी चांगलं काम करतोय.

चार दिवसांनी आमच्या गावात एक बोहारीण आली. जुन्या कपड्यांवर भांडी देणारी. तिने एका मुलाला नाव विचारलं, एवढंच. पाराजवळ माणसं गोळा झाली. कोणी तिचं गाठोडं उसकटलं, कोणी मोबाईल काढला. मी त्या गर्दीत होतो. आमचे निवृत्त गुरुजी काठी टेकत आले आणि ओरडले, "अरे, ही दरसाल येते. तुझ्या आईने हिच्याकडूनच पातेलं घेतलं होतं!" गर्दी पांगली. ती बाई भांडी गोळा करत होती, तिचे हात थरथरत होते. त्यानंतर ती गावात कधी आली नाही.

आमच्याकडे गुरुजी होते. धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्याला तसं कोणी वेळेवर पोचलं नाही. १ जुलै २०१८, रविवार, बाजाराचा दिवस. मुलं पळवणारे समजून जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना मारून टाकलं. भिक्षा मागत गावोगाव फिरणारी माणसं होती ती. त्या वर्षी देशभर फिरलेला तो मोटरसायकलचा व्हिडिओ मुळात कराचीतल्या मुलांच्या सुरक्षिततेविषयीच्या एका जनजागृतीपर फिल्मचा तुकडा होता. मूळ फिल्ममध्ये ते दोघे मुलाला परत आणून सोडतात. तो शेवट कोणीतरी कापला होता. त्याच महिन्यात व्हॉट्सअॅपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करता येईल अशी मर्यादा आणली.

मी जे फॉरवर्ड केलं त्यामुळे आमच्या गावात काय होता होता राहिलं, हे मला आजही आठवतं. आणि कैलासचा व्हिडिओ मी तितक्याच झटकन फॉरवर्ड केला, याची जास्त लाज वाटते. कारण सवय तीच होती. अंगावर काटा आला की बोट आपोआप चालतं. एका व्हिडिओने जीव जातो, दुसऱ्याने फक्त कारागिरांचं श्रेय जातं. पण बोट तेच, आणि न विचारलेले प्रश्नही तेच. हा आकडा, हे चित्र आलं कुठून? याचा दुसरा अर्थ निघतो का? काय दिसलं तर मी मानेन की मी चुकलो? आणि ज्याला माहीत आहे असा माणूस जवळ असताना मी त्याला विचारलं का? पारावर ती बाई समोर उभी होती, आणि आम्ही मोबाईलकडे बघत होतो. रूमवर परभणीकर समोर बसला होता, तेव्हाही आम्ही मोबाईलकडेच बघत होतो.

कैलास घडवणाऱ्या कारागिरांची नावं आपल्याला माहीत नाहीत. पण आपल्याच जिल्ह्यात, कन्नड तालुक्यात पितळखोऱ्याची लेणी आहेत. तिथे सापडलेल्या एका यक्षाच्या मूर्तीवर घडवणाऱ्याने आपलं नाव कोरून ठेवलं आहे : कान्हदास, धंद्याने सोनार. दोन हजार वर्षांपूर्वीचा माणूस. 'हे मी केलं' एवढंच त्याला सांगायचं होतं. बाकीच्या हजारो जणांना तेही जमलं नाही. निदान त्यांचं काम दुसऱ्याच्या नावावर आपण तरी चढवू नये.

परत येताना परभणीकरने बसमधून आबांना फोन लावला. "आबा, बघून आलो. तुमच्यासारख्याच खुणा हायत." पलीकडून आबा काय म्हणाले ते मला ऐकू आलं नाही. परभणीकर बराच वेळ हसत खिडकीबाहेर बघत होता. मी विचारल्यावर म्हणाला, "आबा म्हणतात, टाकीचे घाव सोसल्याबिगर देवपण येत नाही असं सगळे म्हणतात. पण टाकी कुणाच्या हातात होती हे कोणी पुसत नाही."

रूमवर आल्यावर मी तिन्ही ग्रुपवर लिहिलं : परवा टाकलेला व्हिडिओ चुकीचा होता, हिशोब खाली देत आहे. शाळेच्या ग्रुपवर दोघांनी अंगठा दाखवला. घरच्या ग्रुपवर काकांनी लगेच दुसरा व्हिडिओ टाकला. चालायचंच. ज्यांना माझा हिशोब पटत नसेल त्यांनी टेप आणि वही घेऊन वेरूळला जावं, आणि माझी चूक सापडली तर रूमवर येऊन सांगावी, चहा माझ्याकडून. फक्त मंगळवारी जाऊ नका.